आधी उत्तर, मग मोबाइल

तुमच्या घरातलं कुणी रेडिओग्राफी किंवा एमबीबीएस शिकत असेल, तर ही विनंती तुम्हाला आहे. शिकवणाऱ्यांना तर आहेच.

सीटी स्कॅन वाचणं जड का जातं? मशीन माणसाच्या पातळ आडव्या चकत्या दाखवतं, आणि त्यातून अख्खा माणूस मनात उभा करायचं काम शिकणाऱ्यावर पडतं. त्यात चकती पायांच्या बाजूने बघितल्यासारखी मांडलेली. यकृत शरीरात उजवीकडे असतं, पडद्यावर डावीकडे दिसतं. नवी पोरं इथे हमखास गोंधळतात. छातीच्या चकतीत पांढरा गोल ठिपका दिसला की लगेच म्हणतात, "सर, गाठ!" असेलही. पण बरेचदा ती आडवी कापली गेलेली रक्तवाहिनी असते. गाजर आडवं चिरलं की गोल चकती, उभं चिरलं की लांब फाक, गाजर तेच.

ऑगमेंटेड रिॲलिटी नेमकी इथे कामाला येते. मोबाइलचा कॅमेरा टेबलावर धरा, टेबलावर फुप्फुस ठेवल्यासारखं दिसतं. त्याच्याभोवती फिरता येतं. कापणारी पातळी बोटाने खाली-वर नेली की तो ठिपका सरकत सरकत एका फांदीला जाऊन मिळतो. गाठ असती तर थोड्या चकत्यांत संपली असती. हा फरक तोंडाने समजावताना माझा घसा कोरडा पडतो. डोळ्यांना तो दोन मिनिटांत पटतो.

अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने होलोलेन्स चष्म्यावर शरीररचना शिकवली. तसल्या महागड्या चष्म्यासाठी अडून राहू नका. 'थ्रीडी स्लायसर' हे मोफत सॉफ्टवेअर सीटीमधून त्रिमितीय आकार काढून देतं, तो पुढे मोबाइलवर नेता येतो.

मात्र आधी मुलांकडून उत्तर घ्या. "पातळी दोन सेंटिमीटर खाली नेली तर काय दिसेल? वहीत काढ." मग मोबाइल. क्रम उलटा झाला की मुलं नुसती कौतुकाने बघत बसतात आणि डोक्यात काही उरत नाही. शेवटी पुन्हा मूळ चकतीवर या. मॉडेलच्या कडा सुबक असतात, कारण त्या कुणीतरी आखलेल्या असतात. खऱ्या चित्रात त्या धूसरच असतात, आणि रात्रपाळीत समोर तेच चित्र येणार आहे.

आणखी एक, आणि हे कृपा करून हलक्यात घेऊ नका. सीटीच्या फाइलमध्ये चित्रासोबत रुग्णाचं नाव, जन्मतारीख दडलेली असू शकते. ती काढल्याशिवाय फाइल वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. डोक्याच्या स्कॅनमधून तर चेहरासुद्धा उभा करता येतो. त्या माणसाने दुखणं दाखवलं होतं, चेहरा नव्हे.

मोबाइल हाताशी नसेल तर आज रात्री घरात गाजर आणि सुरी घ्या. तिरकं चिरलं तर चकती कशी दिसेल, हे चिरण्याआधी घरातल्या शिकणाऱ्याला विचारा.