वाचलेल्यांचे काय?

२०२४ च्या डिसेंबर महिन्यात परभणी शहरात एका विवाहितेला पेटवून देण्यात आले. तिसरीही मुलगीच झाली म्हणून पतीने हे कृत्य केल्याचा आरोप आहे. संत जनाबाईंचे गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याने मान खाली घालावी अशीच ही घटना. ती माता वाचली नाही. अशा मृत्यूनंतर संताप उसळतो आणि तो रास्तच आहे. मात्र जी भाजूनही वाचते, तिच्याकडे पाहण्यास समाजाला सवड नसते.

जखम भरली की रुग्ण बरा झाला, असे घरचे समजतात. प्रत्यक्षात खरी परीक्षा तेथून सुरू होते. रात्री दचकून उठणे, चुलीचा जाळ पाहून थरकाप होणे, व्रणांची न थांबणारी खाज, आखडलेला हात, आरशाची भीती. वैद्यकशास्त्र यात आघातोत्तर तणाव आणि नैराश्याची लक्षणे पाहते. शेजारपाजार मात्र त्याला 'नाटक' म्हणतो. उलट बाजूही आहे. मन आधीच खचलेले असते आणि त्यातूनच कोणी स्वतःला पेटवून घेते. पुढे 'स्टोव्हचा भडका उडाला' एवढ्यावर विषय मिटवला जातो. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानून तिला उपचार द्यावेत, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तरी हे झाकून ठेवू नये.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ईस्ट ग्रिन्स्टेड येथे आर्चिबाल्ड मॅकइंडो या शल्यचिकित्सकाने भाजलेल्या वैमानिकांवर उपचार केले. शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व त्यांनी लोकांत मिसळण्याला दिले. गावकऱ्यांनी त्या तरुणांकडे टक लावून पाहिले नाही, त्यांना घरी बोलावले. आपल्याकडे चेहरा भाजलेल्या सुनेला हळदी-कुंकवाचे बोलावणे किती घरांतून जाते?

शासनाचेही चुकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ॲसिड हल्ल्याचे बळी आहेत. रॉकेल वा पेट्रोलने विद्रूप झालेल्या चेहऱ्याला तेथे स्वतंत्र स्थान नाही. ही विसंगती दूर करण्याची मागणी मराठवाड्यातील खासदारांनी संसदेत लावून धरावी. शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला, तेव्हा मनाच्या आजाराला शासनदरबारी गांभीर्याने स्थान मिळाले. तीच दृष्टी जळीत कक्षापर्यंत पोहोचली पाहिजे. त्वचारोपण करणाऱ्या डॉक्टरांबरोबर समुपदेशकही पहिल्या आठवड्यापासून हवा.

'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे, पण दूरध्वनी हातात देणारे कोणी हवे. जिंतूर वा पालमच्या खेड्यातून परभणीला पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणे, बुडालेली मजुरी, सोबतीला कोणी नसणे, यामुळेच उपचार मध्येच तुटतात. स्थानिक कार्यकर्त्यांनी, विशेषतः भगिनींनी, अशा एकेका रुग्णाची पुढील वर्षभराची सोबत स्वीकारावी.