शब्दांची ओळख : काउंट



या महिन्यात आम्ही ‘काउंट’ हा इंग्रजी शब्द घेतला आहे. काउंट म्हणजे मोजणे, आणि मोजून आलेली संख्याही. त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. कॉम्प्युटर आणि अकाउंट हे शब्दही त्याच मुळातले. दुकानातला काउंटर म्हणजे पूर्वी पैसे मोजायचे टेबल.

आपल्या सोलापुरात १८७७ साली जुनी मिल सुरू झाली आणि गिरणीची भाषा शहराच्या बोलण्यात मुरली. त्या भाषेत काउंट म्हणजे सुताचा बारीकपणा. हिशेब असा : ८४० यार्ड सुताची एक लडी धरायची. एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतील, तितका त्या सुताचा काउंट. १० काउंटचे सूत पौंडाला ८,४०० यार्ड भरते, २० काउंटचे १६,८०० यार्ड. वजन तेच, लांबी दुप्पट. म्हणून इथे आकडा चढला की धागा बारीक होतो. २/२० लिहिलेले असेल, तर २० काउंटचे दोन धागे एकत्र पिळले आहेत असे समजावे.

बेडशीटच्या पाकिटावरचा ‘थ्रेड काउंट’ मात्र वेगळा. एक चौरस इंच कापडात उभे आणि आडवे मिळून किती धागे आहेत, ते तो सांगतो. लेकीच्या लग्नाची खरेदी करताना ६०० हा आकडा पाहून लगेच भुलू नका. काही उत्पादक पिळलेल्या धाग्याचा प्रत्येक पदर वेगळा मोजतात. मग दोनपदरी धाग्याचे ३०० चे कापड ६०० चे म्हणून विकले जाते. धागा एकपदरी आहे की दोनपदरी, हे दुकानदाराला जरूर विचारा.

डेंग्यूच्या दिवसांत ‘काउंट उतरला’ हे घरोघर ऐकू येते. तो काउंट रक्तातल्या प्लेटलेट्सचा. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. काही लॅब हा आकडा हजारांत छापतात. तिथे १८० म्हणजे १ लाख ८० हजार. एका रिपोर्टवर १,८०,००० आणि दुसऱ्यावर १८० पाहून घरातली माणसे घाबरून जातात. आधी आकड्यापुढचे एकक वाचा, मग रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : हिशेबात धरणे. इंग्रजीत ‘इट डझंट काउंट’ म्हणजे ‘ते धरले जात नाही’. घरी विड्या वळणाऱ्या आपल्या बहिणींना हा अर्थ वेगळा शिकवायला नको. मजुरी हजार विड्यांवर ठरते, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या त्या हजारात धरत नाहीत. मेहनत मात्र त्यांनाही तेवढीच लागलेली असते. म्हणून रोज किती वळल्या, किती दिल्या, किती बाजूला निघाल्या, हे तीन आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींकडून लिहून घ्यावे. मजुरीबद्दल बोलायची वेळ आली, तर आपला काउंट आपल्या हाती असेल.