दुसऱ्या आठवड्याची हजेरी

ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेला तिच्या कामाबद्दल विचारलं, की आधी नोंदणीचा आकडा ऐकायला मिळतो. इतके लाख विद्यार्थी, इतके हजार व्हिडिओ, इतक्या तासांचं चित्रीकरण. ही भुरळ जुनी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातून सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी २०११ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग साऱ्या जगाला खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावं नोंदवली आणि पुढच्याच वर्षी युडॅसिटी, कोर्सेरा, एडएक्स ही तीन मोठी दुकानं उघडली. विद्यापीठांचे दिवस भरले, असं छातीठोकपणे सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. त्या पहिल्या वर्गात शेवटपर्यंत पोचलेले वीस हजारांच्या थोडे वर होते, हे उत्साहाच्या भरात मागे पडलं. पुढे जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंटे या संशोधकांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा हिशेब २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण पुढे अभ्यासक्रमात पाऊलच टाकत नाहीत, आणि २०१७-१८ मध्ये तो पुरा करणाऱ्यांचं प्रमाण शेकडा तीनच्या जरासं वर होतं, असं त्यातून दिसलं. मधल्या वर्षांत व्हिडिओ सुधारले, ॲप सुधारली. हे प्रमाण मात्र सुधारलं नाही.

आज आपल्याकडे असा प्लॅटफॉर्म चालवणं मोठ्या कंपन्यांपुरतं राहिलेलं नाही. महाविद्यालयं चालवतात, स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवतात, एकटा शिक्षकही मोबाइल आणि ट्रायपॉड घेऊन बॅच सुरू करतो. या सगळ्यांचा पहिला खर्च स्टुडिओवर होतो, आणि तिथेच गणित चुकतं असं माझं मत आहे. प्लॅटफॉर्म नीट चालवायचा, तर पैसा आणि माणसं चित्रीकरणातून काढून वेळापत्रक, तपासणी आणि पाठपुरावा या तीन कंटाळवाण्या कामांवर लावावी लागतात. व्हिडिओला कमी लेखण्याचा हेतू नाही. चांगल्या व्हिडिओसाठी लागतं ते महाग नसतं, एवढंच. फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्सच्या चार अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख पाहण्यांच्या नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी सर्वसाधारणपणे सहा मिनिटांच्या पलीकडे टिकत नव्हता. चकचकीत स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षा टेबलाशी बसून साधेपणाने बोलणारा शिक्षक अधिक पाहिला जात होता, आणि तयार स्लाइडपेक्षा हाताने लिहीत, आकृती काढत केलेली मांडणी. म्हणजे तासाभराच्या लेक्चरचे दहाएक तुकडे करा, प्रत्येकात एकच मुद्दा ठेवा, आवाज स्वच्छ येईल एवढा माइक घ्या. कॅमेऱ्याचा विषय इथे संपतो.

खरं काम पुढे आहे आणि त्याचा सर्वांत चांगला नमुना आपल्या देशातच आहे. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये एनपीटीईएल हा प्रकल्प सुरू केला तेव्हा तो मुख्यतः व्याख्यानांचा साठा होता. ज्याला हवं त्याने यावं, पाहावं, जावं. २०१४ पासून त्याच साठ्यावर प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम उभे राहिले आणि त्यांची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचा. सुरू होण्याची तारीख सगळ्यांना एकच. दर आठवड्याचे धडे त्या आठवड्यात उघडणार आणि असाइनमेंटला शेवटची तारीख असणार. शिकणं फुकट, परीक्षेला मात्र शुल्क, आणि ती परीक्षा घरी बसून देता येत नाही. केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून द्यावी लागते. अंतिम गुणांत असाइनमेंटचा वाटा २५ टक्के, परीक्षेचा ७५. असाइनमेंटची उत्तरं परीक्षेआधीच यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर फिरतात, हे अभियांत्रिकीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत आहे, आणि या वाटणीमागची व्यवहारी दृष्टी तिथेच दिसते. कॉपी होणारच हे धरून तिला वजन कमी दिलं. पण असाइनमेंट रद्द केली नाही, कारण तिचं मुख्य काम गुण देणं नसून दर आठवड्याला विद्यार्थ्याला परत आणणं आहे. शिवाय आठवण्याचा सराव हाच अभ्यास असतो. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो मनाने आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभरानंतर बराच जास्त लक्षात राहिला होता. गंमत अशी की पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते. व्हिडिओ पाहून ‘समजलं’ असं वाटणारा विद्यार्थी त्या पाच मिनिटांतच अडकलेला असतो, आणि अभ्यासक्रमाखाली पडणारे पाच तारेही त्याच पाच मिनिटांचे असतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. माणूस ऑनलाइन शिकायला येतो तोच मुळी वेळेच्या जाचातून सुटण्यासाठी. शिफ्टमध्ये काम करणारा, मुलांचं आणि सासू-सासऱ्यांचं करून रात्री दहाला मोकळी होणारी, पेरणीच्या दिवसांत पुस्तक बाजूला ठेवावं लागणारा, यांच्यावर शेवटच्या तारखा लादल्या तर मग वर्गात आणि यात फरक काय राहिला? फरक तारीख नसण्यात नाही, तारखेला लवचीक ठेवण्यात आहे. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारांपैकी उत्तम आठ असाइनमेंटचे गुण धरतात. चार आठवडे आजारपणात, लग्नसराईत किंवा शेतात गेले तरी बाकी शिल्लक राहतं. कुणाची परवानगी मागावी लागत नाही, अर्ज करावा लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. नियमातच सवलत शिवून टाकलेली आहे. याउलट ‘व्हॅलिडिटी दोन वर्षं, कधीही पाहा’ हे वचन ऐकायला उदार असलं तरी त्यात विद्यार्थ्याला आज रात्री बसण्याचं काहीच कारण मिळत नाही. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्याकडे मोकळा वेळ कमी असतो, म्हणूनच त्याला कुणीतरी आखून दिलेल्या वेळापत्रकाची गरज कॉलेजच्या मुलापेक्षा जास्त असते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अभ्यासक्रम पुरा करणं ही कसोटीच चुकीची, असं काही जाणकार म्हणतात. एखाद्याला पायथनमधली एकच गोष्ट शिकायची होती, ती शिकून तो गेला. त्याला गळालेला का म्हणायचं? मला हे बरंचसं मान्य आहे. राइश आणि रुइपेरेझ-व्हॅलिएंटे यांच्या अभ्यासात पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नोंदवलेल्यांत पुरं करणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये ४६ टक्के होतं. पैसे भरणारा आधीच निश्चय करून आलेला असतो, त्यामुळे शुल्क लावलं की अभ्यास वाढतो असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही. पण आलेल्यांचे हेतू वेगळे असतात, हे नक्की दिसतं. मग ते विचारून घ्यावेत. नोंदणीच्या वेळी एकच प्रश्न: नुसतं पाहायला आलात, काही भागापुरते आलात, की पुरं करायला? पुरं करायचं म्हणणाऱ्यांची वेगळी यादी करावी आणि त्यांच्यापैकी दुसऱ्या आठवड्यात किती जणांनी काहीतरी सोडवून पाठवलं, एवढं मोजावं. पहिल्या आठवड्याची हजेरी उत्सुकतेची असते. वर्ग आकार घेतो तो दुसऱ्यापासून, आणि तेव्हा कळलं तर अजून काही करता येतं; शेवटी येणारा टक्केवारीचा अहवाल म्हणजे शवविच्छेदन.

काय करता येतं? फोन. ज्याने दुसऱ्या आठवड्यात काही पाठवलं नाही त्याला माणसाने फोन करायचा. आपोआप जाणाऱ्या संदेशांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी २०२० मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकात आलेला मोठा प्रयोग वाचावा. हार्वर्ड, एमआयटी आणि स्टॅनफर्डच्या सुमारे अडीचशे अभ्यासक्रमांत, अडीच लाख विद्यार्थ्यांवर, अडीच वर्षं तो चालला. अभ्यास कधी आणि कुठे कराल ते लिहा, अशा छोट्या उपायांनी सुरुवातीचे काही आठवडे सहभाग वाढला. अभ्यासक्रम पुरा करण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. चॅटबॉटचंही तेच. विचारलेल्या शंकेला तो रात्री दोनलाही उत्तर देईल आणि ते उपयोगीच आहे, पण शंका विचारायलाही न आलेल्या विद्यार्थ्याचं मौन त्याला खुपत नाही. माणसं ठेवणं परवडत नाही, हा यावरचा नेहमीचा बचाव. तो महाराष्ट्रात तरी सहज मान्य होऊ नये. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून, इंटरनेट घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी, गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रं काढून संपर्क सत्रं घेतली. एनपीटीईएलनेही महाविद्यालयांत ‘लोकल चॅप्टर’ काढले आणि तिथल्याच प्राध्यापकांना मार्गदर्शक म्हणून जोडून घेतलं. व्याख्यान मद्रासहून, विचारपूस सांगलीतून, अशी ही व्यवस्था आहे. छोट्या क्लासला एवढा पसारा नको. मागच्या बॅचमधून चांगल्या गुणांनी बाहेर पडलेली दोन मुलं मानधनावर घ्यावीत, त्यांच्याकडे विद्यार्थी नावानिशी वाटून द्यावेत, आणि शंकेला चोवीस तासांत उत्तर मिळेल असं सांगून ते पाळावं. डाऊट सेशनला शिक्षकाने स्वतः बसावं, कारण आपलं कुठलं स्पष्टीकरण फसलं ते त्याला दुसरीकडे कुठे कळणार नाही.

तंत्राबद्दल थोडंच. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणात २०२१ मध्ये ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण तसा फोन घरी असूनही २६ टक्के मुलांच्या हाती तो येत नव्हता. तेव्हा धडा वडिलांच्या फोनवर, रात्री, कमी डेटात उतरवून घेता आला पाहिजे. नवं काही चढवण्याआधी ते स्वस्तातल्या जुन्या फोनवर उघडून पाहण्याची शिस्त ठेवली, की निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

आता पैशाचं. वर सांगितलेलं सगळं चालकांना ठाऊक नसतं असं नाही. ते करण्यात त्यांचा फायदा नसतो. वर्षभराची फी पहिल्या दिवशीच हातात पडली, की सहाव्या आठवड्यातला विद्यार्थी हा निव्वळ खर्च उरतो आणि सगळी बुद्धी पुढच्या नोंदणीकडे वळते. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरचं मूल्यांकन मिरवणाऱ्या बायजूज या ऑनलाइन शिक्षण कंपनीचं प्रकरण जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झालं. तिच्या पडण्याला कर्जापासून कारभारापर्यंत अनेक कारणं होती, पण विक्रीचं खातं शिकवण्याच्या खात्यावर चढून बसलं की काय होतं, तेही त्यात दिसतं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने तर डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना आपोआप पैसे कापून घेण्याच्या करारांबाबत सावध केलं होतं. यावरचा उपाय फीच्या रचनेत आहे. निम्मी फी सुरुवातीला घ्यावी, उरलेली चौथ्या आणि आठव्या आठवड्यानंतर, आणि त्याआधी सोडून जाणाऱ्याकडे पुढचे हप्ते मागू नयेत. छोटे क्लासवाले म्हणतील, भाडं आणि पगार दर महिन्याला द्यावे लागतात, अर्धी मुलं गेली तर आम्ही काय करायचं? अडचण खरी आहे, आणि पहिल्या दोन-तीन बॅचना ती झोंबेलही. पण त्या धास्तीनेच दुसऱ्या आठवड्यात गप्प झालेल्या मुलाला फोन जाईल, आणि तो करायला माणूस ठेवणं परवडतं की नाही याचा हिशेबही मग वेगळा लागेल.