मोफतचे मोल कोण मोजतो?

दसरा-दिवाळी जवळ येऊ लागली की गणपत गल्लीपासून खडेबाजारापर्यंत दुकानांच्या दर्शनी भागी फलक झळकू लागतात. एकावर एक फुकट, अमुक रुपयांच्या खरेदीवर सोडतीचे कूपन, पॉइंट साठवा आणि पुढील खरेदीत सूट मिळवा! व्यापाऱ्याने गिऱ्हाईक आपल्याकडे ओढावे यात गैर काही नाही आणि सणासुदीला रास्त सूट देण्याची चाल आपल्या पेठांत जुनीच आहे. आमचा आक्षेप आहे तो ती देण्याच्या या गुंतागुंतीच्या व खर्चिक तऱ्हेला.

कूपने छापावयाची, पॉइंटांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेचे पैसे भरावयाचे, नोकरांना अटी पढवावयाच्या आणि मुदत टळलेले कूपन घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी भर गर्दीत हुज्जत घालावयाची. हा सारा खर्च दुकानदार पदरचा करतो असे कोणी मानीत असेल तर तो भोळाच म्हटला पाहिजे. तो मालाच्या किमतीत चढतो; आणि ज्याला बक्षीस मिळत नाही त्याच्याही किमतीत चढतो. चंदगडकडून एस.टी.ने बाजारास येणारा शेतकरी एका खेपेत घरच्या सर्वांचे कपडे घेऊन जातो. शंभर रुपयांच्या सुटीसाठी पंधरा दिवसांत पुन्हा फेरी मारणे त्याला परवडत नाही. म्हणजे त्याने न वापरलेल्या कुपनाचा लाभ दर आठवड्यास खरेदी करणाऱ्या सुखवस्तू शहरवासीयास होतो. हा न्याय कोठला?

या बाबतीत ब्रिटनचा अनुभव पाहण्याजोगा आहे. तेथे १९५८ साली ‘ग्रीन शील्ड’ नावाची तिकिटे निघाली. सहा पेनींच्या खरेदीवर एक तिकीट; ते घरी नेऊन पुस्तिकेत चिकटवावयाचे. पुस्तिका भरण्यास १२८० तिकिटे, म्हणजे ३२ पौंडांची खरेदी लागे. आणि अशा पुस्तिका साठल्या की भेटवस्तू! घरोघर बायकामुले तिकिटे ओली करून चिकटवीत बसली. दुकानदार ही तिकिटे विकत घेत असे, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातही नसावी. १९६४ मध्ये पार्लमेंटला कायदा करून तिकिटावर त्याचे रोख मोल छापावयास लावावे लागले. ‘टेस्को’ या मोठ्या दुकानसमूहाने १९६३ मध्ये ही तिकिटे स्वीकारली होती. १९७७ मध्ये त्यानेच ती बंद करून वाचलेला पैसा किमती उतरविण्याकडे लावला, तेव्हा तिकिटे नसतानाही दुकानांत गर्दी लोटली! गंमत अशी की, तिकिटांचा धंदा काढणाऱ्या टॉम्पकिन्स यांनी स्वतःही १९७३ मध्ये रोख पैशांवर माल विकणारी ‘आर्गॉस’ ही दुकाने काढली होती.

याच देशात १९९२ मध्ये ‘हूवर’ने शंभर पौंडांच्या खरेदीवर विमानाची दोन तिकिटे देऊ केली. लोकांनी केवळ प्रवासासाठी यंत्रे घेतली आणि कंपनीस सुमारे पाच कोटी पौंडांची खोट आली. अधिक सांगणे नलगे.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जिची किंमत व्यवहारात पूर्णतः वा अंशतः वसूल केली आहे ती वस्तू फुकट असल्याचा भास निर्माण करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. परंतु शंभर रुपयांच्या कुपनासाठी ग्राहक आयोगाची पायरी कोण चढणार?

त्यातून अटी बारीक इंग्रजी अक्षरांत! सरकारी परिपत्रके मराठीत मिळावीत म्हणून मोर्चे काढणाऱ्या या सीमाभागात, मराठी गिऱ्हाइकाच्या पैशावर उभ्या असलेल्या मराठी दुकानदाराच्या कुपनावर मराठीचा एक शब्द नसावा, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते. सरकार ऐकत नाही हे आपले गाऱ्हाणे खरेच आहे; पण छापखान्यात कुपनाचा मजकूर देताना कोणते सरकार आडवे येते?

बेळगाव, खानापूर व निपाणी येथील व्यापारी बंधूंना आमची विनंती आहे की, येत्या दिवाळीस निदान काही जणांनी तरी कूपने व सोडती बाजूस ठेवाव्या, त्यांवर खर्चावयाची रक्कम सरळ किमतीतून वजा करावी आणि ती किंमत दुकानात ठळक मराठीत लावावी. गिऱ्हाइकांनीही बिल हाती येताच “बक्षीस काय?” असे विचारण्याऐवजी, बिल होण्यापूर्वीच “कूपन नको, किती कमी कराल?” असे विचारून पाहावे.