आंब्याखालची हिरवळ

आंब्याच्या दाट सावलीत गवत धरत नाही, हा अनुभव अंगणात आंबा असलेल्या प्रत्येकाचा आहे. रायापूरच्या आमच्या जुन्या झाडाखालची माती दर पावसाळ्यात वाहून जाई व मुळे उघडी पडत. ती झाकावीत कशाने?

तैवानच्या डोंगरांत रासबेरीच्या कुळातील एक बुटकी वेल होते. ती भुईलगत पसरते आणि पेरापेरांशी मुळे सोडते. थंड देशांत तिच्या सुरकुतलेल्या पानांचा सावलीत गालिचा करतात. वर्णन वाचून मन मोहले. परंतु थंड डोंगरावरची ही लेक आपल्या एप्रिलच्या झळा कशी सोसणार?

म्हणून रोपवाटिकेतून पिवळ्या फुलांची वेडेलिया आणली. दोन पावसाळ्यांत जमीन झाकली गेली. तिसऱ्यात तिने गटार ओलांडले आणि सौभाग्यवतींची अबोली गिळली. ही वेल मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. जगातील शंभर उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत तिचे नाव आहे, हे मला मागाहून कळले. उपटताना एक पेर मातीत राहिले, तरी ती पुन्हा उभी राहते.

दोष केवळ वेलीचा नव्हे. भारतातलीच एक रानरासबेरी, जिला परदेशांत ‘म्हैसूर रासबेरी’ म्हणतात, गालापागोस बेटांवर रान माजवून बसली आहे. स्वभाव तोच, तिला आवर घालणारे घरचे शेजारी मात्र तेथे नाहीत.

अखेर शेजारच्या कन्नड अक्कांनी मूठभर ‘ओंदेलग’ दिला. आपल्या घरांतून जिला ब्राह्मी म्हणतात, तीच ही मंडूकपर्णी. जूनच्या पहिल्या पावसानंतर लावावी. आंब्याची बारीक मुळे वरच्या थरातच असतात, म्हणून खोल खणू नये. दोन बोटे शेणखत व कुजलेला पालापाचोळा पसरून मुळ्या फुटलेले तुकडे वीतभर अंतरावर दाबावेत. उन्हाळ्यात पाणी चुकवू नये; ओल गेली की ही वेल मलूल होते. उपटलेली वेडेलिया नाल्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवावी.

आता मुळे झाकलेली आहेत. पाने वाटून, ताक व ओले खोबरे घालून केलेली अक्कांची तंबुळी आमच्याही पानात येऊ लागली आहे. वाचकहो, रोप निवडण्यापूर्वी शेजाऱ्याच्या अंगणात एकदा अवश्य डोकवावे. मी ते तीन पावसाळे उशिरा केले.