कांजिण्यांची लस : अर्धवट संरक्षणाचा पेच

पवनार (जि. वर्धा) : धाम नदीकाठच्या या गावातील अंगणवाडीत जाणाऱ्या बालकाच्या लसीकरण पत्रिकेवर क्षयरोग, पोलिओ, कावीळ-ब, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, गोवर-रुबेला अशा अनेक रोगांवरील लसींची नोंद असते. कांजिण्यांची लस मात्र तेथे नसते. ती सरकारी कार्यक्रमात नाही. ज्याला परवडेल त्याने ती वर्ध्याच्या खासगी दवाखान्यात विकत घ्यावी, अशी स्थिती आहे. दोन मात्रांचा खर्च शेतमजूर कुटुंबाच्या अनेक दिवसांच्या मजुरीएवढा होतो.

कांजिण्यांकडे ग्रामीण भागात आजही 'माता आली' म्हणून पाहिले जाते. कडुलिंबाचा पाला आणि घरातील पथ्य यांवरच भागवले जाते. बहुतेक मुले आठ-दहा दिवसांत बरीही होतात. मात्र अंगावर पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच हा विषाणू पसरू लागतो, त्यामुळे पुरळ उठल्यावर मुलाला वेगळे ठेवून प्रसार पूर्णपणे थांबत नाही. घरात एकाला लागण झाल्यास पूर्वी हा रोग न झालेल्या दहापैकी जवळपास नऊ जणांना ती होऊ शकते.

या विषाणूवरील लस जपानचे डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केली. अमेरिकेने १९९५ मध्ये तिचा सार्वत्रिक वापर सुरू केला. एका मात्रेनंतरही काही मुलांना सौम्य कांजिण्या होतात, हे ध्यानात आल्यावर तेथे दुसरी मात्रा आवश्यक ठरविण्यात आली. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन मात्रांचीच शिफारस करते : पहिली पंधराव्या महिन्यात, दुसरी अठराव्या-एकोणिसाव्या महिन्यात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पहिल्या वर्षात ओसरत जाते. त्यापूर्वी लस दिल्यास ती पुरेशी परिणामकारक ठरत नाही.

लस गुणकारी आहे, याविषयी वाद नाही. पेच आहे तो ती अर्ध्याच मुलांना मिळण्याचा. काही मुले लस घेतात, तेव्हा गावात विषाणूचा वावर कमी होतो. लस न घेतलेली मुले त्यामुळे बालपणी बचावतात. मात्र ती प्रतिकारशक्तीविनाच मोठी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये याच कारणास्तव बजावले होते, की लसीकरण ८० टक्क्यांहून कमी राहिल्यास रोग मोठ्या वयाकडे सरकू शकतो. उष्ण कटिबंधातील देशांत तारुण्यापर्यंत कांजिण्या न झालेल्यांचे प्रमाण मुळातच अधिक असते.

मोठ्या वयात हाच रोग अधिक उग्र असतो. फुप्फुसांना सूज येण्याचा धोका वाढतो. गरोदरपणी तो अधिकच गंभीर होतो. प्रसूतीच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस या काळात मातेला पुरळ उठल्यास नवजात बालकाच्या जिवावर बेतू शकते. ही लस जिवंत विषाणूची असल्याने गर्भवतीला देता येत नाही. थोडक्यात, शहरातील सधन मुलांच्या लसीकरणाची किंमत उद्या खेड्यातील लस न मिळालेल्या मुलीला मोजावी लागण्याची शक्यता आहे.

ब्रिटननेही नागिणीचे प्रमाण वाढेल या भीतीने अनेक वर्षे ही लस मुलांच्या कार्यक्रमाबाहेर ठेवली होती. अखेर २०२५ मध्ये तेथील सरकारने तिच्या समावेशाचा निर्णय जाहीर केला.

भारतात रोग सर्वेक्षणाच्या साप्ताहिक अहवालांत कांजिण्यांचे उद्रेक वारंवार नोंदले गेले आहेत. घरच्या घरी बरे होणारे रुग्ण त्यात येणे कठीण असल्याने खरे प्रमाण अधिकच असणार. शासनापुढे दोन मार्ग आहेत. एक तर लस सर्व मुलांना मोफत द्यावी, अथवा किमान कांजिण्या न झालेल्या तरुणी आणि रुग्णालयीन कर्मचारी यांना ती आधी उपलब्ध करावी. निर्णय बाजारावर सोडणे हा तिसरा मार्ग सध्या चालू आहे. त्यात पवनारच्या अंगणवाडीतील बालकाला लस नाही, आणि पुढे बालपणी कांजिण्या होऊन मिळणाऱ्या प्रतिकारशक्तीचीही शाश्वती उरणार नाही.