आधी आवाज, मग स्पेलिंग

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवायचा निर्णय २००० साली झाला. त्यावर भांडणं भरपूर झाली. पहिलीतल्या पोराला इंग्रजी शिकवायचं कसं, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. त्यामुळे बऱ्याच वर्गांत जुनीच तऱ्हा चालू आहे. ‘सी-ए-टी कॅट, आर-ए-टी रॅट’ सुरात म्हणायचं, रात्री दहा स्पेलिंगं पाठ करायची आणि सकाळी वहीत उतरवायची. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळते. माझं म्हणणं सरळ आहे: ही घोकंपट्टी थांबवा. अक्षरांची नावं नंतर, आधी त्यांचे आवाज शिकवा.

‘कॅट’, ‘रॅट’, ‘मॅट’ची स्पेलिंगं धडाधड सांगणाऱ्या मुलापुढे फळ्यावर ‘पॅट’ लिहून बघा. पोरगं गप्प होतं, कारण हा शब्द पाठ केलेल्या यादीत नसतो. त्यात त्याचा दोष काय? ‘सी’ म्हणताना कानाला स ऐकू येतो आणि ‘कॅट’मध्ये वाचायचा असतो क. ‘एच’ या नावात ह नाही, ‘डब्ल्यू’त सुरुवातीला चक्क ड येतो. नावं पाठ करून वाचता कसं येणार?

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या वर्षअखेरीला मुलांची एक छोटी तपासणी होते. चाळीस शब्द मोठ्याने वाचायचे आणि त्यांतले निम्मे निरर्थक, मुद्दाम बनवलेले. पाठांतरावर तरून जाता येऊ नये, मूल खरोखर आवाज जोडून वाचतंय का ते कळावं, हा हेतू. ज्यांची इंग्रजी ही मायबोली त्यांनाही आवाजापासून सुरुवात करावी लागते, आणि आपण यादीपासून करतो.

गंमत म्हणजे आवाज जोडायला लागणारं हत्यार मराठी शाळेत आधीपासून आहे: पाय मोडलेलं अक्षर. फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचणं, शिकवताना हमखास होणारी गडबड म्हणजे प्रत्येक व्यंजनाला अ चिकटतो. ‘ब-ॲ-ट’ असं कितीही वेळा म्हटलं तरी त्यातून ‘बॅट’ निघत नाही. मी फळ्यावर ब् + ॲ + ट् लिहिते. बाराखडी आलेलं मूल ते आपणहून जोडतं. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी सुरुवात केली की सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन असे कितीतरी शब्द न घोकता वाचता येतात.

‘अहो बाई, इंग्रजीला नियमच नाहीत,’ असं पालक सभेत कुणीतरी म्हणतंच. ‘चुपके चुपके’ सिनेमातला धर्मेंद्र आठवतो आणि ‘पुट’ला उ तर ‘बट’ला अ का, हा प्रश्न येतो. याला उत्तर आहे. एके काळी दोन्हीकडे उच होता. सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडमध्ये बऱ्याच शब्दांतला उ अकडे सरकला. पुट, पुल, पुश, बुल, फुल यांत आधी ओठांचा आवाज येतो. आपल्या प-वर्गासारखे हे आवाज ओठांचा गोल टिकवतात, म्हणून तिथे उ पुष्कळदा उरला. पुष्कळदाच, ‘बट’ स्वतः निसटलाच. उत्तर इंग्लंडमध्ये अजूनही अनेक जण दोन्ही शब्द एकाच स्वराने उच्चारतात.

रोजच्या कामाचे नियम त्याहून सोपे आहेत. सीपुढे ई, आय किंवा वाय आला की स, नाहीतर बहुधा क: सिटी, सायकल; कप, क्लिप. इंग्रजी शब्द सहसा नुसत्या व्हीवर संपत नाही, म्हणून ‘हॅव’ आणि ‘गिव्ह’च्या शेवटी मुका ई येतो. ‘कॅप’ला शेवटी ई लावला की ‘केप’, ‘किट’ला लावला की ‘काइट’. असा एक नियम कळला की डझनभर स्पेलिंगं पाठ करायचं ओझं उतरतं. जीचं मात्र सीइतकं पक्कं नाही. ‘जेम’ नियमाने चालतो, ‘गेट’ आणि ‘गिव्ह’ चालत नाहीत. ते मुलांना तसंच सांगावं.

फोनिक्सने सगळं साधतं, असं मी म्हणणार नाही. द, वॉज, सेड, वन हे शब्द पाहून-पाहूनच लक्षात ठेवावे लागतात. व्ही आणि डब्ल्यू या दोघांना आपण एकच व देतो. व्हीला खालचा ओठ वरच्या दातांना टेकवायचा आणि डब्ल्यूला दोन्ही ओठ गोल करायचे, हे आरशात दाखवावं लागतं. आणि खडाखडा वाचलं म्हणजे कळलं असं नव्हे. त्यासाठी गोष्टी, गाणी, बोलणं हवंच. पण वाचनाचं दार आवाजानेच उघडतं, आणि त्यासाठी रंगीत कार्डांचा महागडा संच किंवा हजारो रुपये फीचा क्लास लागत नाही. खडू, फळा आणि तयार शिक्षक पुरतो. शिक्षण विभागाने एवढं करावं: पहिलीच्या प्रत्येक शिक्षकाला या आवाजांचं नीट, प्रत्यक्ष उच्चार करून घेणारं प्रशिक्षण द्यावं.

आणि पालकांनो, संध्याकाळी मुलाला ‘स्पेलिंग सांग’ म्हणू नका. त्याने कधी न पाहिलेला एक छोटा शब्द कागदावर लिहा आणि म्हणा, ‘हे वाच बघू.’